वायांगचा यजमान कोण?

इंडोनेशियातल्या जावा बेटावर आज वायांग कुलितचा, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लागला की पडद्याच्या ज्या बाजूला सावल्या पडतात तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. गर्दी असते दालांगच्या बाजूला. दालांग म्हणजे बाहुल्या नाचवणारा, सगळ्या पात्रांचे संवाद बोलणारा, गाणारा आणि वादकांना इशारे देणारा एकटा सूत्रधार. त्याच्या बाजूने पाहिलं की सोनेरी मुलाम्याच्या रंगीत बाहुल्या दिसतात, गामेलानचा वाद्यवृंद दिसतो, नटूनथटून बसलेल्या सिंदेन गायिका दिसतात. छायानाट्यातून छायाच वजा झाली, मग उरलं काय? या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरं आहेत. कला मेली, असं एक पक्ष म्हणतो. कला काळाबरोबर चालली आहे, असं दुसरा. दोघांचीही नजर रंगमंचावर खिळलेली. वायांगची प्रकृती तपासायची तर आधी विचारायला हवं, की हा खेळ लावला कुणी?

खेळ जुना आहे. इसवी सन ९०७ मधल्या, बालितुंग राजाच्या काळातल्या एका कोरीव लेखात भीमाच्या कथेवर वायांग झाल्याची नोंद सापडते. अकराव्या शतकात म्पू कान्वा या कवीने ‘अर्जुनविवाह’ काव्यात वायांगच्या प्रेक्षकांचा उल्लेख केला आहे. समोर कोरलेलं चामडं आहे हे ठाऊक असूनही ते रडतात, असं तो सांगतो. तेव्हापासून महाभारत तिथं इतकं मुरलं की त्याचं जावानी रूप आपल्याला अनोळखी वाटावं. तिथली द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको. श्रीकंडी म्हणजे आपला शिखंडी नव्हे, तर अर्जुनाची धनुर्धारी पत्नी. आणि पांडवांच्या पाठीशी असतात सेमार आणि त्याची तीन पोरं, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग. हे सेवक मूळ महाभारतात नाहीत. ढेरपोट्या, वेंधळा दिसणारा सेमार प्रत्यक्षात देव आहे, आणि राजांना चार शब्द सुनावायचा अधिकार त्यालाच आहे.

रात्री नऊच्या सुमारास सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. संगीताच्या तीन टप्प्यांत रात्र विभागलेली असते: नेम, सांगा आणि मान्युरा. पहिल्यात दरबार भरतो आणि पेच उभा राहतो, मध्यरात्रीनंतर सेमारची मंडळी येतात आणि नायकाची कसोटी लागते, शेवटच्यात निकाल लागतो. इतका वेळ टक लावून कुणीच बसत नाही. लोक येतात, चहा पितात, गप्पा मारतात, डुलकी काढतात, लढाईच्या वेळी जागे होतात. आपल्याकडे लग्नानंतर घरी गोंधळ घालतात, त्याचं जसं तिकीट नसतं, तसंच इथलं. मुलाची सुंता, लग्न, नवस फेडणं, कापणीनंतरचं गावशुद्धीचं ‘बेर्सिह देसा’, अशा निमित्ताने कुणीतरी खेळ लावतो, आणि वाटेने जाणाऱ्यालाही बसायची मुभा असते. ‘रुवातान’चा विधी तर वायांगशिवाय होतच नाही. एकुलतं एक मूल किंवा पाठोपाठ झालेले पाच मुलगे बाताराकाला या राक्षसी देवाचं भक्ष्य होतात अशी समजूत आहे. दालांग त्या देवाची कथा लावून त्यांना सोडवतो. पाच मुलग्यांना तिथं ‘पांडव’च म्हणतात. अलीकडे अनेक कुटुंबं खर्च वाटून घेतात आणि सामूहिक रुवातान करतात.

म्हणजे वायांगला प्रेक्षकाइतकीच यजमानाची गरज आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की गेल्या साठ-सत्तर वर्षांतले बदल नीट उलगडतात. सेमारांगचे नार्तोसाब्दो (१९२५–१९८५) मूळचे केंदांग या ढोलाचे वादक. त्यांनी सोलो, योग्याकार्ता आणि बान्युमास या घराण्यांच्या शैली एकत्र केल्या, नवी गाणी रचली, विनोदाला जागा दिली. कर्मठांनी त्यांना नावं ठेवली, पण ध्वनिफितींनी त्यांचा आवाज घराघरांत नेला. त्यांच्यानंतर मान्तेब सुदार्सोनो (१९४८–२०२१) यांनी बाहुल्यांची लढाई अशा वेगाने आणि सफाईने रंगवली की लोक त्यांना ‘सैतान दालांग’ म्हणू लागले. गामेलानमध्ये त्यांनी ट्रम्पेट आणि पाश्चात्त्य ढोल आणले. डोकेदुखीच्या गोळीच्या टीव्ही जाहिरातीमुळे तर वायांग न पाहणाऱ्यांनाही त्यांचा चेहरा पाठ झाला. तेलाचा दिवा केव्हाच जाऊन प्रखर विजेचा दिवा आला, आणि सावलीचा थरथराट संपला.

खरा बदल मात्र लिंबुकानमध्ये झाला. लिंबुक ही लठ्ठ मुलगी आणि चांगिक ही तिची काटकुळी आई, या दोन दासींचा हा छोटासा प्रवेश. आता तो तास-तासभर लांबतो. कथा थांबते, पाहुणा विनोदवीर येतो, चांपुरसारी या लोकप्रिय प्रकारातली गाणी होतात, समोरच्या पाहुण्यांच्या फर्माइशी येतात, पुढारी माइक हातात घेतात. मध्यरात्रीनंतरच्या गोरो-गोरोमध्ये, म्हणजे सेमारच्या मंडळींच्या प्रवेशात, हेच पुन्हा. लोकांना हसायला आणि गाणी ऐकायला आवडतं यात गैर काही नाही, आणि शुद्धतेच्या नावाने केलेल्या टीकेत अनेकदा उच्चभ्रू नाकमुरडेपणा असतो. माझा आक्षेप वेगळा आहे. रात्र तेवढीच राहते, त्यामुळे विनोद वाढला की दरबार आक्रसतो. दरबारातली चढत्या-उतरत्या आदराची भाषा, संथ स्वरातलं सुलुक गायन, राजकारणाचे डाव या सगळ्याला कात्री लागते. आणि सेमारचा टोला झोंबतो तो राजाचं भारदस्त बोलणं अजून कानात घुमत असतं म्हणून. राजाच उरला नाही, तर विदूषक टर कुणाची उडवणार? लांबलेला विनोद अखेर विनोदालाच बोथट करतो.

या फुगवट्यावर उतारा शोधला तो सोलोच्या कला अकादमीने. हुमार्दानी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ‘पाकेलिरान पादात’ हा घट्ट विणीचा प्रकार तिथं घडला. रात्रभराची कथा तासा-दोन तासांत, एकही फालतू प्रवेश न ठेवता, बाहुलीच्या प्रत्येक हालचालीला अर्थ देत. नाटक म्हणून पाहिलं तर वायांगच्या आधुनिक इतिहासातलं हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं काम आहे. पण ते सभागृहात, शांत बसलेल्या जाणकारांसाठी होतं. सुंतेच्या जेवणावळीला येणाऱ्या दोनशे पाहुण्यांना रात्रभर जागवणारा खेळ हवा असतो. अकादमीला प्रेक्षक मिळाला, यजमान मिळाला नाही.

यजमानाची रिकामी होत चाललेली जागा बऱ्याच अंशी सरकारने भरली. १९६५–६६ च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात डाव्या विचारांच्या कितीतरी कलावंतांचे जीव गेले, कितीजण तुरुंगात खितपत पडले. त्यानंतरच्या सुहार्तो राजवटीत दालांगकडून कुटुंबनियोजन आणि शेतीसुधारणेचे संदेश वदवले गेले. राजवट १९९८ मध्ये गेली, सवय राहिली. आज पक्ष, जिल्हाप्रमुख, बँका, पोलीस खातं, सगळे खेळ लावतात. युनेस्कोने ७ नोव्हेंबर २००३ रोजी वायांगचा गौरव केला आणि २०१८ पासून तोच दिवस राष्ट्रीय वायांग दिन झाला. मान मोठा आहे. पण सत्कार वर्षातून एकदा होतो आणि दालांगला पोट वर्षभर असतं. शिवाय मोठे यजमान मोठीच नावं बोलावतात. मूठभर नामवंतांच्या तारखा मिळत नाहीत, आणि पंचक्रोशीत ओळखला जाणारा साधा दालांग घरी बसतो.

दुसरा ताण धर्माचा आहे. जावाचे बहुसंख्य लोक मुसलमान आहेत आणि शतकानुशतकं त्यांना यात विसंगती वाटली नाही. इस्लामचा प्रसार करण्यासाठी सुनान कालिजागा या संताने वायांगच वापरला, अशी दंतकथा आहे; युधिष्ठिराच्या ‘कालिमासादा’ या दिव्य वस्तूत इस्लामचा कलमा दडला आहे, असं मानणारेही पुष्कळ. पण कर्मठ सुधारणावाद्यांना रुवातान खटकतं, बेर्सिह देसा खटकतं. २०२२ मध्ये एका धर्मोपदेशकाचे वायांगविरोधी उद्गार समाजमाध्यमांवर पसरले, गदारोळ झाला, माफीही मागून झाली. असा गदारोळ निदान दिसतो. एखादं कुटुंब गाजावाजा न करता ठरवतं की या वेळी वायांग नको, प्रवचन ठेवू किंवा स्वस्तातला दांगदुत गाण्यांचा ऑर्केस्ट्रा बोलावू, तेव्हा कुठेच बातमी होत नाही. नुकसान मात्र तिथंच होतं.

या पार्श्वभूमीवर योग्याकार्ताचे सेनो नुग्रोहो (१९७२–२०२०) यांचं उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्यांचा बागोंग तोंडाळ, हजरजबाबी, अस्सल गावरान. त्यांच्या चाहत्यांनी खेळ यूट्यूबवरून थेट दाखवायला सुरुवात केली, आणि पोटासाठी परदेशी गेलेले जावानी कामगारही रात्रभर जोडले जाऊ लागले. करोनाने मांडव बंद पडले तेव्हा सेनोंनी मोजके वादक घेऊन घरूनच ‘क्लिमेन’ खेळ केले, तेही दूरवरच्या प्रेक्षकांनी पाठवलेल्या पैशांवर. यूट्यूबने वायांग उथळ केला असं म्हणणाऱ्यांनी इथं थांबून पाहावं. एका धनिकाऐवजी शेकडो छोटे यजमान मिळून खेळ लावत होते. मात्र ही व्यवस्था एका माणसाच्या लोकप्रियतेवर उभी होती. ३ नोव्हेंबर २०२० रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सेनो गेले. जमलेले यजमान तसेच्या तसे दुसऱ्या दालांगकडे वळत नाहीत.

प्रयोगांची तर रेलचेल आहे. सुकास्मान यांनी बाहुल्यांची प्रमाणंच नव्याने आखली आणि रंगीत प्रकाश वापरला. स्लामेत गुंदोनो यांनी गवताच्या बाहुल्या नाचवल्या. तेगालचे एन्थुस सुस्मोनो यांनी जॉर्ज बुशची बाहुली करून समकालीन जगाला पडद्यावर ओढलं. चातुर कुंचोरो यांनी हिप-हॉप आणलं. यातून ताजेपणा आला, पण प्रत्येक प्रयोग त्या त्या कलावंताच्या नावाशी बांधलेला राहिला. दुसरीकडे वायांगची पात्रं खेळाबाहेर मोकळी हिंडतात. उडता घटोत्कच, म्हणजे गातोत्काचा, १९९५ मध्ये उड्डाण केलेल्या देशी बनावटीच्या विमानाचं नाव झाला, मोबाइल गेममधला योद्धा झाला, २०२२ च्या चित्रपटाचा नायक झाला. आजचा मुलगा त्याला ओळखतो. पण घटोत्कचासाठी या मुलाने एकही रात्र जागून काढलेली नसते.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींना हे कळेल. तिथं चामड्याच्या बाहुल्यांतून रामायण सांगण्याची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तो सन्मान रास्तच होता. पण गौरव करणारे वाढले तरी रात्री खेळ लावणारी घरं आपोआप वाढत नाहीत. त्या मानाने जावाची स्थिती कितीतरी बरी आहे, कारण तिथं अजून निमित्तं शाबूत आहेत.

म्हणून आधार द्यायचा तर त्या निमित्तांना द्यायला हवा. २०१५ पासून इंडोनेशियातल्या गावांना केंद्राकडून थेट ग्रामनिधी मिळतो. त्यातला थोडा वाटा बेर्सिह देसासाठी, तोही जवळपासच्याच दालांगला बोलावण्याच्या अटीवर, गावांना खर्चता आला तर चार राष्ट्रीय महोत्सवांपेक्षा जास्त काम होईल. हा पैसाही सरकारचाच, हे खरं; पण सरकारी खातं खेळ लावतं तेव्हा दालांगला संदेश सांगतं, आणि गाव खेळ लावतं तेव्हा कोणती कथा हवी ते गावच ठरवतं. दरबार किती वेळ भरू द्यायचा आणि बागोंगला कधी आवरायचं, हा हिशेबही मग लावणारा आणि खेळणारा एकमेकांच्या तोंडावर करू शकतात. वायांगची तब्येत बिघडते ती हा व्यवहार तुटल्यावर. ट्रम्पेट आणि हिप-हॉप तिला सहज पचतात.