मराठी घर, गोंडी गाणे : आदिलाबादच्या परधान गायकाची कला आणि समीक्षेची जबाबदारी

लोकगायकाचा विचार करताना मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर शाहीर, गोंधळी, वासुदेव, पोतराज ही नावे चटकन येतात. आदिलाबादचा परधान गायक मात्र या यादीत क्वचितच आढळतो. वास्तविक आदिलाबाद मराठी वाचकाला परके असण्याचे कारण नाही. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात होते. पुढे हा जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात गेला, तर २०१६ मध्ये त्याचे विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी गाण्याचा प्रदेश तोच राहिला.

गायक आणि त्याचे यजमान

परधान हे राजगोंडांचे परंपरागत भाट व इतिहासकथक होत. प्रत्येक गोंड कुळाशी विशिष्ट परधान घराणे जोडलेले असते. पेर्सा पेन या कुळदेवाची पूजा, विवाह आणि मृत्यूचे विधी या प्रसंगी परधानाने किकरी हे तंतुवाद्य वाजवून कुळाची गाथा गायची आणि यजमानाने धान्य वा अन्य रूपाने त्याचा हक्क द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. तोटी नावाचा, संख्येने लहान असा दुसरा गायकसमाजही हेच कार्य करतो.

या गायकाचे एक वैशिष्ट्य मराठीच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात, निजामाच्या राजवटीत, आदिलाबादमध्ये संशोधन केले. येथील परधानांची घरची भाषा मराठी असून गाथा मात्र ते गोंडीत गातात, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे गोंडांची पवित्र वाणी सांभाळणारा गायक घरी मराठी बोलतो. भाषा आणि परंपरा यांची अशी वाटणी फारच थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

गाथेचा आशय

या गायनाच्या केंद्रस्थानी पहांदी कुपार लिंगाल या संस्कृतिनायकाची कथा आहे. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंड देवांना लिंगाल मुक्त करतो आणि त्यांची विभागणी करून समाजाला नियम घालून देतो. सात, सहा, पाच आणि चार देवांचे असे जे चार मोठे गट आदिलाबादच्या गोंडांत आहेत व ज्यांवर विवाहसंबंध ठरतात, त्यांची उत्पत्ती या कथेत सांगितलेली आहे. कथेतील गुहेचे स्थान अनेक गोंड गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे मानतात आणि माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. काही कथनांत हिरासुका हा आद्य वादक येतो. त्याच्या वाद्याच्या सुरांमुळे देवांची सुटका शक्य होते. गायकाने आपल्या वाद्याला दिलेले हे स्थान अर्थपूर्ण आहे. लिंगालने नियम दिला खरा, परंतु तो लोकांपर्यंत पोहोचविणारा सूर नसता तर देव गुहेतच राहिले असते, असा त्याचा भावार्थ घेता येतो.

म्हणून ही गाथा केवळ करमणुकीची लोककथा नव्हे. कोणी कोणाशी विवाह करावा, कोणत्या देवाला कोणी पुजावे, मृताला पूर्वजांत कसे सामील करावे, याचा ती मौखिक दस्तऐवज आहे.

संग्रहाची तीन रूपे

छापील रूपात ही गाथा प्रथम आली ती नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांतून. हिस्लॉप १८६३ मध्ये निधन पावले आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ती कागदपत्रे प्रकाशित केली. त्यांनी गोंडी पाठ जपला ही मोठीच कामगिरी होय. मात्र गाथा कोणत्या कुळासाठी, कोणत्या विधीत गायली जाते, हा संदर्भ त्यात दुबळा राहिला. त्यानंतर कॅप्टन फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात याच सामग्रीला इंग्रजी पद्याचा पेहराव चढविला. वाचनीयता वाढली, पण गायक पूर्णपणे अदृश्य झाला.

हायमेंडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. मिथक आणि विधी यांना एकत्र ठेवून वाचणे हे त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. कथा कोठे, कोणासमोर आणि कशासाठी सांगितली जाते, हे तेथे कळते. तरीही इंग्रजी गद्यानुवादात किकरीचा सूर, साथीदाराचा प्रतिसाद आणि श्रोत्यांचा सहभाग यांना जागा मिळत नाही. सर्वाधिक हरवते ती गायकाची दुसरी भाषा. गोंडी गाथेचा अर्थ स्वतःच्या मराठीत बाळगणारा माणूस त्या शब्दांकडे कसा पाहत असेल, हा प्रश्न अनुवादात उरतच नाही.

परंपरा आणि गायकाचे स्वातंत्र्य

परंपरेने आलेले गाणारा गायक कलावंत की केवळ वाहक, हा वाद जुना आहे. शाहिराशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होतो. शाहीर हा शब्दच अरबी 'शाइर'वरून आलेला. पोवाड्याच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो, गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस ठेवतो. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अगिनदास आपल्याला नावाने माहीत आहे. परधानाच्या गाथेत अशी मुद्रा नसते, कारण ती कुळाची मालमत्ता मानली जाते.

परंतु नाव नाही म्हणजे निर्मिती नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कोणत्या यजमानासमोर कोणता भाग विस्ताराने गायचा, कोठे गद्यात सांगायचे आणि कोठे गायचे, श्रोते थकले की कथा कशी सावरायची, हे निर्णय गायकाचेच असतात. पाठ सामूहिक आणि सादरीकरण वैयक्तिक अशी ही कला आहे. लोकगायकाचे मूल्यमापन त्याने नवे काय रचले यावर न करता, जुन्याला त्या रात्री त्याने कसे उभे केले यावर व्हावयास हवे.

मराठी समीक्षेपुढील प्रश्न

दुर्गा भागवत यांच्या १९५६ मधील 'लोकसाहित्याची रूपरेखा' या ग्रंथाने मराठीत लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाला बळ दिले. त्यानंतर संकलनाचे मोठे काम झाले. पण लोकसाहित्याचे विभाग बहुधा भाषेनुसार पाडले गेले. परिणामी परधानाची गाथा गोंडीत म्हणून मराठीची नाही, गायक मराठी बोलतो म्हणून निव्वळ गोंडीचा नाही, आणि जिल्हा तेलुगू राज्यात म्हणून तिसरीकडेच, अशी तिची विचित्र अवस्था झाली. मराठी साहित्य म्हणजे मराठीतील शब्द, एवढ्यावर न थांबता मराठी बोलणाऱ्यांची वाङ्मयीन कृती असा विचार केला, तर ही गाथा आपल्या अभ्यासक्षेत्रात सहज येते.

शिक्षणाचा प्रश्न याला जोडलेला आहे. हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. पुढे तेलुगूचे महत्त्व वाढल्यावर तो प्रयोग मागे पडला. नारनूर मंडलातील गुंजाळा गावातील हस्तलिखितांमुळे प्रकाशात आलेल्या गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. लिपीला आणि नृत्याला मिळालेली ही मान्यता स्वागतार्हच आहे. मात्र रात्रभर चालणारी गाथा ऐकायला गोंडी समजावी लागते. जे पटकन दिसते त्याचा गौरव होतो आणि जे कान देऊन ऐकावे लागते ते मागे राहते.

येथे भावुकतेचा धोकाही ओळखला पाहिजे. परधानाची वाणी पवित्र, पण सामाजिक उतरंडीत त्याची पायरी गोंड यजमानाच्या खालची मानली गेली. त्याच्या मुलाने किकरीऐवजी पुस्तक हाती घेतले, तर तो संस्कृतीचा द्रोह नव्हे. परंपरा वाचविण्यासाठी एखाद्या समाजाने जुन्याच हक्कांवर जगत राहावे, अशी अपेक्षा न्याय्य ठरत नाही. गायकाला मान आणि मुलाला शाळा, दोन्ही मिळाले तरच जतनाला अर्थ आहे.

समारोप

उर्दूतील दास्तानगोईचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अमीर हमजाची दास्तान ४६ खंडांत छापली. तरीही दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारल्यानंतर ती सांगण्याची कला जवळजवळ लोपली. २००५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले तेव्हा पाठ हाताशी होता, परंतु सादरीकरण नव्याने घडवावे लागले. छापील पाठाने कथा वाचते, कला वाचतेच असे नाही.

परधान गाथेच्या बाबतीत एवढा कालावधी जाऊ देणे परवडणारे नाही. दास्तान थांबली तेव्हा एक करमणूक थांबली. गाथा थांबली तर गोंड कुळाचा विधीच अपुरा राहतो. म्हणून प्रसंग, कूळ आणि गायकाची संमती यांसह संपूर्ण गायन ध्वनिमुद्रित करणे, गोंडी पाठाशेजारी गायकाने स्वतः मराठीत सांगितलेला अर्थ नोंदविणे आणि त्या अभ्यासात परधान विद्यार्थ्यांनाच संशोधक म्हणून स्थान देणे, ही कामे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांनी हाती घ्यावयास हवीत. त्या गाथेचा अर्थ मराठीतच सांगणारे लोक आदिलाबादमध्ये आहेत. त्यांना विचारण्याचे काम मराठीच्या अभ्यासकाचे आहे.