लान वांगजीचं सोडा, जियांग चेंगचं काय?

'द अनटेम्ड'च्या चाहत्यांमध्ये एक मत हमखास ऐकू येतं: सेन्सॉरने हात बांधले म्हणूनच ही मालिका इतकी सुंदर झाली. नात्याला नाव दिलं नाही, म्हणून ते जास्त खोल वाटतं, वगैरे. मला हे पटत नाही. (50 भाग पाहायचे राहिले असतील तर इथेच थांबा. पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे.)

मो शियांग तोंग शिऊ या चिनी लेखिकेच्या कादंबरीवरून 2019 मध्ये ही मालिका आली. कादंबरीत वेई वूशियान आणि लान वांगजी हे दोघे पुरुष एकमेकांवर प्रेम करतात, जोडीदार होतात. तिथे काही लपवाछपवी नाही. पण चीनमध्ये 2016 मध्ये समोर आलेल्या नियमावलीने टीव्ही मालिकांत समलिंगी नाती दाखवायला मनाई केली होती. त्यामुळे पडद्यावर चुंबन गेलं, कबुली गेली आणि त्या जागी 'झीजी' हा जुना शब्द आला. आपल्याला आतून ओळखणारा, जीवाभावाचा, असा साधारण त्याचा अर्थ.

पण या नात्यात धूसर असं काय आहे? लान घराण्याची कपाळपट्टी आई-वडील, पत्नी आणि मुलं यांच्याशिवाय कुणी हाताळायची नाही, असा नियम. वांगजी ती थंड गुहेत वूशियानच्या मनगटाला बांधतो. वूशियान मेल्यावर त्याने सांभाळलेल्या पोराला वांगजी आपल्या घराण्यात आणून वाढवतो आणि त्याचं नाव ठेवतो 'सीझुई'. आठवण काढणं आणि मागे धावणं, हे दोन्ही त्या नावात आहे. 16 वर्षांनी वूशियान परत येतो तेव्हा सगळं जग एका बाजूला आणि वांगजी त्याच्या बाजूला. याला कोड्यात बोलणं कसं म्हणायचं? तोंडाने उच्चारलेलं नाही, एवढंच. ठरलेलं मात्र सगळं आहे, त्या दोघांनाही आणि आपल्यालाही.

या मालिकेत न ठरलेलं नातं दुसरंच आहे, आणि त्याला सेन्सॉरचा हातही लागलेला नाही.

वूशियान हा जियांग घराण्याच्या जुन्या सेवकाचा अनाथ मुलगा. घरधनी त्याला रस्त्यावरून उचलून आणतो. त्याला कुत्र्यांची भीती, म्हणून सख्ख्या मुलाची, जियांग चेंगची, पिल्लं देऊन टाकली जातात. चेंगचा हिशेब तिथूनच सुरू होतो. बाप पाहुण्या पोराशी मवाळ, स्वतःच्या पोराशी कडक. आई त्याला येता-जाता नोकराचा मुलगा म्हणते, कारण नवऱ्याचं त्या पोराच्या आईवर प्रेम होतं अशी कुजबुज तिने ऐकलेली. मोठी बहीण यानली मात्र दोघांना कमळाच्या देठांचं सूप सारख्याच मायेने वाढते. (ते सूप पाहून भूक लागते, हेही नोंदवायला हवं.)

मग या घरात वूशियान कोण? मुलगा, शिष्य, नोकर, की मानलेला भाऊ? हा 'मानलेला' शब्द मराठीत फार गोड समजला जातो. पण जे मानलं जातं ते मानायचं थांबवताही येतं. सख्ख्या भावाला ती सोय नसते, तो भांडूनही भाऊच राहतो. चेंग आयुष्यभर नेमका या फटीत अडकलेला आहे.

घर जळतं, आई-बाप मारले जातात. चेंगच्या शरीरातला सुवर्णगाभा, म्हणजे त्याची सगळी विद्या, शत्रू नष्ट करतो. वूशियान स्वतःचा गाभा काढून त्याला देतो, आणि हे कळू देत नाही. म्हणजे ज्या शक्तीच्या जोरावर चेंग पुढे त्याच्यावर चालून जातो, ती त्याचीच असते. हे कळायला चेंगला इतकी वर्षं लागतात, आणि तेही तिसऱ्याच माणसाकडून.

कड्यावरचा प्रसंग आठवा. वूशियान खाली लोंबकळतोय. वांगजीने त्याचा हात घट्ट धरलाय. चेंग येतो, तलवार उगारतो आणि ती खडकात घुसवतो. धरलेल्या हाताचा अर्थ विचारावा लागत नाही. पण त्या तलवारीचा? नेम चुकला, की हात वळला नाही? मालिका उत्तर देत नाही आणि शाओ झानइतकाच इथे चेंग साकारणारा नटही लक्षात राहतो: चेहऱ्यावर राग आणि रडू यांतलं आधी काय येईल याचा भरवसा नाही.

म्हणून मला सेन्सॉरचं कौतुक खटकतं. संदिग्धता लेखिकेने कुटुंबात आधीच ठेवली होती, माणसांच्या स्वभावातून आलेली. दोन पुरुषांच्या प्रेमावरची शांतता बाहेरून लादलेली आहे. दोन्हींना एकाच मापाने 'किती सूचक' म्हणणं म्हणजे तोंडावरच्या पट्टीला अलंकार समजणं. मालिका आईसोबत हॉलमध्ये बसून बघता येते, ती 'काय मैत्री आहे दोघांची' म्हणते, आणि शेजारी बसलेला मुलगा मान डोलावतो. त्याला ती मैत्री तेवढीच ठेवायची नसेल तर? आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला असं प्रेम गुन्हा राहिलं नाही, पण 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात 'झीजी' लिहून चालत नाही.

याचा अर्थ मालिका फसली असा नाही. कलाकारांनी आणि दिग्दर्शकांनी पट्टी बांधलेल्या तोंडाने जमेल तेवढं सांगितलं, ते थोर आहेच. फक्त श्रेय पट्टीला देऊ नका.

शेवटाकडे मंदिरात चेंग रडतो. तू आयुष्यभर माझ्यासोबत राहीन म्हणाला होतास, असं ओरडतो. तेव्हाच आपल्याला एक गोष्ट दिसते: सैनिक वूशियानला गाठणार हे पाहून चेंग मुद्दाम त्यांच्यासमोर धावला होता, म्हणूनच पकडला गेला आणि गाभा गमावून बसला. हे वूशियानला माहीत नाही. सांगायची हीच वेळ असते. चेंग भाच्याला घेऊन निघून जातो.