भूमिगत कालकुपी आणि कोल्हापूरची मोटार

जुन्या मोटारींचे शौकीन आणि जुन्या कागदांचे संग्राहक हे दोन निरनिराळे वर्ग आहेत, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. कोल्हापुरास जाणें-येणें वाढल्यापासून ती ढिली झाली आहे. तेथील जाणत्या मंडळींच्या बैठकींत एक कल्पना आमच्या कानांवर एकाहून अधिक वेळां आली. एखादी जुनी, चालती मोटार काँक्रीटच्या कोठींत बंद करून भूमींत पुरावी, आणि शंभर वर्षांनीं उकरणारास ती जशीच्या तशी मिळावी, अशी ती कल्पना. ज्यास टाइम कॅप्सूल म्हणतात व आपल्याकडे कालपात्र किंवा कालकुपी असें नांव पडलें आहे, त्यांतलाच हा प्रकार होय. ही हौशी लोकांची गोष्ट, संशोधकांनीं तिची दखल कां घ्यावी, असें कोणी म्हणेल. परंतु वस्तूस हात लागला नाहीं म्हणजे ती टिकते, हा जो समज या कल्पनेच्या बुडाशीं आहे, तोच आपल्या संग्राहकांच्या घरोघरीं दप्तरांच्या पेट्यांवर ठाण मांडून बसला आहे. म्हणून तिची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा प्रयोग एकदां यथासांग झालेला आहे. अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्याच्या स्थापनेस पन्नास वर्षें होत आल्यानिमित्त टल्सा शहरीं, न्यायकचेरीच्या हिरवळीखालीं, १५ जून १९५७ रोजीं प्लिमथ बेल्व्हेडियर जातीची एक कोरी मोटार पुरण्यांत आली. तिला गंजविरोधक लेप दिला होता, वर प्लास्टिकचें वेष्टन होतें, आणि कोठी अणुबाँबच्या माऱ्यासही दाद देणार नाहीं असें लोकांस सांगण्यांत आलें होतें. २००७ सालीं पेट्रोल मिळेनासें झालें असल्यास अडचण नको, म्हणून दहा गॅलन पेट्रोल जवळ ठेवलें. शिवाय बीअरची एक पेटी, आणि बायकांच्या हातपिशवींत सांपडते तशी किरकोळ चीजवस्तू. २००७ सालीं शहराची लोकसंख्या किती असेल याचा सर्वांत जवळचा अंदाज करील त्यास ती मोटार मिळावयाची होती.

पन्नास वर्षांनीं, १५ जून २००७ रोजीं, मोटार बाहेर काढली. कोठींत पाणी शिरलें होतें. तें आधीं उपसावें लागलें. वेष्टन सुटलें तेव्हां आंत गंजाचा एक तपकिरी गोळा दिसला. बैठकींचें कापड कुजून गेलें होतें आणि स्प्रिंगांचा दम संपला होता. ज्याचा अंदाज बरोबर ठरला तो गृहस्थ १९७९ सालींच वारला होता. पुढें एका जाणत्यानें मोठ्या चिकाटीनें चिखल व गंज काढून मूळचा रंग थोडाबहुत उघडा केला. परंतु सांगाडा इतका पोखरलेला होता कीं, मोटार पुन्हां चालविण्याची आशा सोडावी लागली. आतां ती इलिनॉय राज्यांतील एका संग्रहालयांत आहे.

या अपयशाचें खापर पुष्कळांनीं त्या काळच्या गवंड्यांवर फोडलें. आमच्या मतें दोष कारागिरीचा थोडा व कल्पनेचा फार. काँक्रीट हें दगडासारखें दिसलें तरी सच्छिद्र असतें. त्यास चिरा जातात, सांधे सुटतात. जमिनींत खणलेली मोठी पोकळी म्हणजे एक आडच. आसपासचें पाणी तिच्याकडे धांवणार. आणि एकदां आंत शिरलेलें पाणी बाहेर पडावयास वाट नाहीं. लोखंडास गंजावयास पाणी व हवा एवढ्या दोनच गोष्टी लागतात, आणि मोटारीएवढ्या कोठींत दोहोंची चंगळ असते. याच खड्ड्यांत मोटारीशेजारीं पोलादाचें एक लहानसें बंद पात्र पुरलेलें होतें. त्यांतील निशाण व कागदपत्र कोरडे, सुस्थितींत निघाले. तोच खड्डा, तेंच पाणी, तींच पन्नास वर्षें. लहान व घट्ट भांडें टिकलें, मोठी कोठी बुडाली. ही गोष्ट वर्तमानपत्रांनीं मोटारीच्या रडगाण्यांत दाबून टाकली. आम्हांस ती सर्व प्रकरणांतील एकमेव शिकण्याजोगी बाब वाटते.

आतां हीच मोटार कोल्हापुरांत पुरली असती तर? पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट मानितात. २०१९ व २०२१ या दोन्ही सालीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. शहराच्या ज्या भागांत तें शिरलें, तेथें तळघरांची काय अवस्था झाली हें कोल्हापूरकरांस सांगावयास नको. टल्सास जें पन्नास वर्षांत घडलें, तें येथें घडावयास पांच पावसाळे पुरे होतील.

तरीही कोल्हापूरच्या भूमीनें वस्तु जपल्या नाहींत असें कोण म्हणेल? १८७७ सालीं याच गांवीं एका बौद्ध स्तूपाच्या अवशेषांतून दगडी पेटी व तिच्या आंत स्फटिकाचा करंडक निघाला. नदीकांठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडांतून १९४४-४५ च्या सुमारास कांशाच्या वस्तूंचा तो प्रसिद्ध संचय बाहेर आला. त्यांतील पोसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची मूर्ति आज टाऊन हॉलमधील संग्रहालयांत पाहावयास मिळते. पाठोपाठ १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें, आणि त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु या वस्तूंची जात पाहावी: स्फटिक, दगड, कांसें, भाजलेली माती. शिलाहारांचे दानलेख आपणांस मिळाले तेही ताम्रपटांवरचे व शिळांवरचे. त्याच काळीं भूर्जपत्रावर वा ताडपत्रावर लिहिलेलें जें कांहीं या भूमींत गेलें असेल, त्याचा मागमूस नाहीं. भूमि हीं निवडक साक्षीदारांची कचेरी आहे. लोखंड, कातडें, रबर, कापूस व कागद यांची जबानी ती घेत नाहीं. आणि मोटार म्हणजे याच पांच जिनसांची बांधणी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ब्रह्मपुरीचा संचय ज्यांनीं मागें ठेविला, त्यांस आपण इतिहासाची सोय करीत आहों अशी कल्पनाही नव्हती. म्हणूनच त्या वस्तूंचें म्हणणें आपण विश्वासानें ऐकतों. कालपात्र पुरणारा मात्र पुढील पिढीस काय दिसावें हें स्वतः ठरवितो; त्याचा निक्षेप ही एक प्रकारची प्रशस्ति असते. दिल्लीस लाल किल्ल्यांत १५ ऑगस्ट १९७३ रोजीं पुरलेल्या कालपात्राचें उदाहरण ताजें आहे. त्यांतील मजकुरावरून वाद माजला आणि राज्य पालटतांच, १९७७ सालीं, तें उकरून काढण्यांत आलें. शतकानुशतकें राहावयाचा लेख चार वर्षांत वर आला. प्रशस्तीचा जो दोष ताम्रपटांत आपण वंशावळी ताडून काढतों, तोच येथें आहे. फक्त ताडून पाहण्याची सोय पुरणारानें आपल्यापुरती बंद केलेली असते. टल्साच्या निक्षेपांत आम्हांस खरें बोलणारें साधन वाटतें तें एकच: तें दहा गॅलन पेट्रोल. समृद्धीचा डांगोरा पिटणाऱ्यांच्या मनांत कोणती शंका होती, हें त्यांनीं नकळत सांगून टाकिलें.

१९३८ सालीं न्यूयॉर्क येथें जागतिक प्रदर्शनासाठीं जी कालकुपी पुरली, तिच्या कर्त्यांस ही अडचण अर्धीअधिक कळली होती असें दिसतें. ती पांच हजार वर्षांनीं उघडावयाची आहे. त्यांनीं तांब्याच्या मिश्र धातूची निमुळती नळी केली, कोठी बांधली नाहीं. आणि ती कोठें पुरली आहे हें सांगणारें एक पुस्तक छापून त्याच्या प्रती जगभरच्या ग्रंथालयांत व मठांत पाठविल्या. म्हणजे पुरलेल्या वस्तूची भिस्त अखेरीस वर राहिलेल्या कागदावर आणि तो जपणाऱ्या माणसांवर. मग आरंभींच त्यांच्यावर भिस्त कां ठेवूं नये?

कोल्हापुरास याचें उत्तर दरसाल रस्त्यावरून जातें. विजयादशमीस सायंकाळीं दसरा चौकांत अंबाबाईची व भवानीची पालखी येते, शमीपूजन होतें, सोनें लुटलें जातें; आणि छत्रपतींची स्वारी ज्या मोटारींतून येते ती राजाराम महाराजांच्या काळची मेबॅक होय. मेबॅकचा कारखाना जर्मनींत प्रथम झेपेलिन वायुनौकांचीं एंजिनें करण्यासाठीं निघाला. १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत त्यांनीं सुमारें १,८०० मोटारी केल्या. तींतली एक अद्याप स्वतःच्या चाकांवर चालते, तें कोणीं तिला पुरली म्हणून नव्हे. दसऱ्यास ती निघाली पाहिजे, म्हणून त्याआधीं कोणास तरी ती उघडावी लागते, तेल पाहावें लागतें, एंजिन फिरवावें लागतें. सणाची तिथि हीच तिची राखणदार.

येथें प्रतिपक्षाचा एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. चालती राहिलेली मोटार मूळची राहत नाहीं. रबरी धांवा, तारा, नळ्या, रंग यांपैकीं कांहींही ऐंशी वर्षें टिकत नाहीं. तीं बदललींच पाहिजेत. टल्साची मोटार सडली, पण तिचा प्रत्येक खिळा १९५७ चा आहे. आम्हीं एका घरीं तीन पिढ्या न उघडलेली पत्र्याची पेटी उघडविली. आंतील मोडी रुमाल दमटपणानें असे चिकटले होते कीं, शंभर-दीडशें कागदांची एक वीट झाली होती. एकही पान अखंड सुटेना. घरधन्यांनीं ती पेटी जिवापाड जपली होती, हें आम्हीं त्यांच्या चेहऱ्यावर वाचलें आणि कांहीं बोलवलें नाहीं. त्याच घरांत चातुर्मासांत वाचावयाची पोथी होती. कडा झिजलेल्या, हळदकुंकवाचे डाग, परंतु आरंभापासून शेवटपर्यंत वाचतां येई. आनंद झाला, पण मध्यें दोन पानें निराळ्या हाताचीं, निराळ्या कागदावर आढळलीं. तीं कोणीं, केव्हां, कोणत्या प्रतीवरून उतरलीं, हें घरांत कोणास सांगतां येईना. त्या दोन पानांतील पाठ आम्हांस आजही निर्धास्तपणें घेतां येत नाहीं.

आक्षेपाचें बळ एवढेंच, आणि उपायही त्यांतच आहे. दुरुस्ती हा अपराध नव्हे, नोंद न ठेवणें हा आहे. जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकानें तिची एक वही घालावी. कोणता भाग मूळचा, कोणता कोणत्या सालीं व कोणीं बदलला, नवा कोठून आणिला, हें तारीखवार लिहावें. काढलेला भाग चिठ्ठी बांधून कोरड्या कपाटांत ठेवावा. जेथें मूळ रंग निघाला असेल तेथें त्याचा हातभर तुकडा तसाच सोडावा. वहीची एक प्रत मोटारीपाशीं व दुसरी कोल्हापुराबाहेर, पुराचें पाणी पोंचणार नाहीं अशा एखाद्या ग्रंथालयांत असावी. आणि ज्यांच्या घरीं रुमालांच्या पेट्या आहेत त्यांनीं येत्या दसऱ्यास शस्त्रांबरोबर त्याही उघडाव्या.