हा धडा घरी वाचा

बँकेच्या कागदांवर अठरा वर्षांखालच्या माणसाला ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावरही तेच. तिथं ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. यात नेमकं अज्ञान कोण, पाल्य की पालनकर्ता, याचा उलगडा मला वीस वर्षांच्या नोकरीत झालेला नाही. रात्री अज्ञान म्हणून झोपलेला पोरगा अठराव्या वाढदिवशी सकाळी सज्ञान होऊन उठतो. मधल्या रात्रीत त्याला ते ज्ञान कोण देऊन जातं, हे मात्र कुठल्याही परिपत्रकात नाही.

मराठी लेखकांनी आणि सिनेमावाल्यांनी या मधल्या रात्रीवर बरंच काम केलेलं आहे. त्याचं परीक्षण करायचा माझा विचार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, मुक्काम पोस्ट जळकोट, तालुका तुळजापूर. (लातूर जिल्ह्यात दुसरं एक जळकोट आहे. आमची निम्मी टपाल तिकडं जाते, आणि तिकडची उधारी इकडं विचारली जाते.) साहित्याची समीक्षा हा माझा धंदा नव्हे. पण ताळेबंदाची एक बाजू कोरी राहिली, तर ती दिसायला एम. ए. व्हावं लागत नाही.

आधी मूळ ग्रंथ घेऊ, म्हणजे विज्ञानाचं पाठ्यपुस्तक. त्यात प्रजननाचा धडा असतो. आमचे मास्तर फुलाचे पुंकेसर-स्त्रीकेसर रंगीत खडूनं असे काढायचे, की फळ्यावर भुंगा यावा. बेडकापर्यंत त्यांचा आवाज खणखणीत असे. बेडूक संपून माणूस आला, की मास्तर खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत म्हणायचे, “हा धडा घरी वाचा.” घरी उघडला तर आजी विचारायची, “काय वाचायलालास रे?” आणि पुस्तक हातातल्या हातात नागरिकशास्त्राचं व्हायचं. ज्या विषयाची परीक्षा प्रत्येकाला द्यावीच लागते, तेवढाच नेमका ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडलेला, अशी ही एकंदर शिक्षणपद्धती.

आता ललित वाङ्मय. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. मुकुंद जोशी हा पोरगा शिरोडकर नावाच्या मुलीवर जीव टाकतो, आणि ते सगळं स्वतःच सांगतो. कादंबरी अस्सल आहे. मुलं आपसांत कशी बोलतात, कशाला घाबरतात, मोठ्या माणसांचं मनातल्या मनात कसं मापं काढतात, हे इतक्या खरेपणानं मराठीत फार थोड्यांनी लिहिलं. सुजय डहाके यांनी २०१२ साली काढलेला सिनेमाही नेटका. देशातली बोलण्याची बंदी १९७७ साली उठली, नववीच्या वर्गातली अजून उठायची आहे, हे वाचताना सारखं जाणवतं. ही सगळी जमा. आता नावे बाजू. शिरोडकरला काय वाटलं, हे आपल्याला जोशीकडूनच कळतं. तिचं खातं तो चालवतो. सही त्याची, शिल्लक त्याची, पासबुकही त्याच्याच खिशात!

दुसरं पुस्तक नसून सिनेमा आहे, ‘बालक-पालक’. रवी जाधव यांचा, २०१३ सालचा. चाळीतल्या एका ताईच्या बाबतीत काहीतरी घडतं. मोठी माणसं आडून आडून कुजबुजतात, मुलांना कोणी सांगत नाही, मग मुलं व्हीसीआर आणून आपलं शिक्षण आपणच करून घेतात. मुलींनाही कुतूहल असतं, हे या सिनेमानं न लाजता दाखवलं, ही मोठी जमा. शेवटी किशोर कदम यांचे कदमकाका मुलांशी सरळ बोलतात, तेव्हा थिएटरातले बापच जास्त घाम पुसत होते. एका चाळीला एक कदमकाका हे प्रमाण बरं आहे. आमच्याकडं दहा गावांत एक मिळाला तरी त्याची बदली होते.

या सिनेमाची एक गंमत पडद्याबाहेरची आहे. २००७ साली शाळांत लैंगिक शिक्षण द्यायचं म्हटल्यावर आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला, आणि शासनानं तो कार्यक्रमच थांबवला. तेव्हा मुख्यमंत्री होते आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्याचे विलासराव देशमुख. सहा वर्षांनी आलेल्या ‘बालक-पालक’चे एक निर्माते होते रितेश देशमुख. वडिलांच्या कारकिर्दीत सुटलेला तास मुलानं थिएटरात भरवला, तोही तिकीट लावून. यालाच आम्ही बँकेत थकबाकीची वसुली म्हणतो. पण ज्या ताईमुळं हे सगळं रामायण झालं, तिची बाजू तिच्या तोंडून ऐकायची इथंही राहूनच जाते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१४) जब्या शालूसाठी झुरतो. त्या झुरण्याच्या आड जात उभी आहे, आणि शेवटी त्यानं भिरकावलेला दगड आपल्याच कपाळावर बसतो. एवढी ताकद थोड्या कलाकृतींत असते. मात्र शालूच्या वाट्याला दिसणं पुष्कळ आणि बोलणं नसल्यातच जमा. ही उणीव मंजुळ्यांनी स्वतःच ‘सैराट’मध्ये (२०१६) व्याजासकट फेडली. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि समोरच्याला बोलू देत नाही. तो सिनेमा मी सोलापूरला पाहिला. ती दोघं पळून हैदराबादला राहतात म्हटल्यावर मला उगाच अभिमान वाटला, कारण सोलापूर-हैदराबाद रस्ता आमच्या गावावरून जातो. शेवट बघून उठलो तेव्हा तो अभिमान खुर्चीतच राहिला. मराठी पडद्यावर एक पोरगी मोकळेपणानं बोलली, आणि त्याची किंमत केवढी लावली गेली!

म्हणजे आपल्याकडं वयात येणं ही मुख्यतः मुलाची हकिगत आहे. मुलगी वयात येते ती मुलाला दिसण्यापुरती. तिचा धडा आपल्या साहित्यानंही ‘घरी वाचा’ म्हणून सोडलेला आहे.

हे काही आजचं नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, त्यात अविवाहित तरुण मुलींच्या मनातलं मुलीच्या बाजूनं लिहिलेलं होतं. महाराष्ट्र खवळला. लेखिकेनं विभावरी शिरूरकर हे नाव पांघरलं होतं, म्हणून बरं. पुढं त्या मालती बेडेकर असल्याचं कळलं. त्याच सुमारास रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, लोकांच्या शरीराविषयीच्या शंकांना त्यांनी छापील उत्तरं दिली. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते बाबासाहेब आंबेडकर. असा वकील मिळूनही कर्वे हरले! मग आमच्या मास्तरांनी लिंबाकडं बघितलं, तर त्यांना काय बोलणार?

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर आमच्या काउंटरवर या.

मध्यंतरी एक मामा मुलीच्या नावची मुदत ठेव मोडायला आले. मुलगी सोबत होती, दप्तरासकट. अज्ञानाची ठेव मोडताना पालकानं लिहून द्यावं लागतं, की पैसा अज्ञानाच्या हितासाठी हवा आहे. मामांनी लिहून दिलं. मी विचारलं, “कशासाठी?” म्हणाले, “पोरीचं जमलंय, सायेब.” जन्मतारखेवरून मी वय काढलं. सोळा. मामा वाईट माणूस नव्हे. सहा महिने नवरा-बायको ऊसतोडीला जाणार. “वयात आलेली लेक कुणाच्या जिवावर ठिवू? काय झालं म्हंजी?” या ‘काय झालं म्हंजी’त तो न वाचलेला धडा सबंध सामावला आहे. ज्या गोष्टीविषयी बोलता येत नाही, तिची भीती वाटते, आणि भीतीवर आपल्याकडं एकच औषध आहे, अक्षता.

मी मुलीला विचारलं, “बाळ, कितवीला?”

“धाव्वीला. बोर्डाचा फॉर्म भरलाय.” मग जरा थांबून, बापाकडं न बघता तिनं विचारलं, “सर, ह्याची मुदत कवा सरतीय?”

“पुढच्या वर्षी जूनला.”

“मग तवा मोडू द्या की.”

मामा काचेकडं बघत राहिले. मी त्यांना सांगितलं, की मुदतीआधी मोडलं तर व्याज कमी मिळतं. आमच्या साहेबांनी मामांना आत नेऊन चहा पाजला, आणि त्याच चहाला ग्रामसेवकालाही बोलावलं. महाराष्ट्रात गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, हे मामांना चहाबरोबर कळलं. ऊसतोडीच्या काळात लेक आत्याकडं ठेवायची, हेही त्याच बैठकीत ठरलं. ठेव मुदतीपर्यंत राहिली आणि मुलगी बोर्डाला बसली. पण सगळ्याच मुलींच्या नावावर ठेव नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. म्हणजे पाचांत एकीहून जास्त, आणि त्यांना मुदत विचारायला खिडकीच नव्हती.

आता परीक्षकाचा शेरा. वरच्या चारही कलाकृती मी पुन्हा पाहीन आणि वाचीन, इतक्या त्या चांगल्या आहेत. पण ‘मग तवा मोडू द्या की’ हे वाक्य मला त्यांत सापडलं नाही. मुलगी म्हटलं की प्रेम, आणि प्रेम म्हटलं की पळून जाणं किंवा गप्प बसणं, एवढ्यावर आपण हिशेब बंद करतो. शरीर बदलतं तेव्हा तिला काय वाटतं, ती कुणाला विचारते, खोटं कुठं सांगते, शाळा सुटेल म्हणून कशी झोपत नाही, हे कुणी मांडलेलं नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं खातं चालवायची परवानगी दिली आहे. साहित्यानं एवढ्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या मागं राहू नये.

ही कादंबरी येईल तेव्हा ती मुंबई-पुण्याहूनच येईल असं समजायचं कारण नाही. नववी-दहावीच्या मुली वहीच्या मागच्या पानांवर काय काय लिहीत असतात. तूर्त पालनकर्त्यांना एवढीच विनंती, की वही हाती लागली तर फाडू नका. जमल्यास विज्ञानाचा तो धडाही एकदा वाचा. घरीच वाचा, पण मोठ्यानं.