‘मित्राची गोष्ट’ ते ‘कोबाल्ट ब्लू’ : निवेदकाच्या अधिकाराचा प्रश्न

प्रस्तावना :
मराठी साहित्यातील समलिंगी संबंधांच्या चित्रणाचा विचार करताना विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही कादंबरी हे दोन महत्त्वाचे टप्पे ठरतात. विषयाच्या धाडसासाठी या दोन्ही कृतींचा उल्लेख वारंवार होतो. तथापि धाडस हा वाङ्मयीन निकष नव्हे. ही गोष्ट सांगण्याचा अधिकार लेखक कोणाला देतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. प्रस्तुत लेखात या अंगाने दोन्ही कृतींचा तौलनिक विचार केला आहे.

बापूच्या नजरेतील मित्रा :
तेंडुलकरांच्या शीर्षकातच एक पेच आहे. ‘मित्र’ हे पुल्लिंगी नाम आणि ‘मित्रा’ हे नायिकेचे नाव, या दोहोंचे रूप ‘मित्राची’ असेच होते. त्यामुळे ही गोष्ट सुमित्रा देवची की तिचा मित्र बापूची, हे अखेरपर्यंत संदिग्ध राहते. स्वातंत्र्यपूर्व काळातील पुण्याच्या महाविद्यालयीन वातावरणात मित्रा नमावर प्रेम करते आणि बापू ते आपल्याला सांगतो. तो सहृदय आहे, मित्राला मदतही करतो. परंतु अखेरीस त्याची साथ सुटते आणि मित्रा आत्मनाश पत्करते.

हा शेवट म्हणजे नायिकेला दिलेली शिक्षा होय, असा आक्षेप घेता येतो. तो पूर्णतः मान्य करणे कठीण आहे. नाटकात खरी परीक्षा होते ती बापूच्या, म्हणजेच प्रतिष्ठित मध्यमवर्गाच्या सहानुभूतीची. आणि ती अपुरी पडते. शिवाय विनय आपटे दिग्दर्शित प्रयोगात रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा साकारली, तेव्हा ती रंगमंचावर स्वतः बोलत होती. निवेदकाची मक्तेदारी नाट्यरूपाने काही अंशी मोडली. तरीही तिच्या जगण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार बापूकडेच राहतो, ही या नाटकाची मर्यादा होय.

तनयचे ‘तू’ :
पंचवीस वर्षांनंतर कुंडलकरांनी मध्यस्थ दूर केला. तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. त्या तरुणाला कादंबरीत नाव नाही. पूर्वार्धात तनय त्याला उद्देशून बोलतो. उत्तरार्धात अनुजाची दैनंदिनी येते. तनय आपल्या प्रेमाचे समर्थन करीत बसत नाही. त्याचे दुःख कोणत्याही सोडून दिलेल्या प्रियकराचे आहे. दोघांचे दुःख समान असले तरी अनुजाच्या दुःखाची घराला जाणीव आहे, तनयच्या दुःखाला घरात शब्दच नाही. कोणतेही भाष्य न करता केवळ रचनेतून ही विषमता दाखविणे, हे कादंबरीचे खरे यश होय.

कायदा आणि साहित्य :
दोन्ही कृती अवतरल्या तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ पूर्णतः लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ते प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खाजगी संबंधांपुरते रद्दबातल केले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध अखेर गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. म्हणजेच मराठी साहित्य कायद्याच्या पुढे चालत होते. मात्र बापूची वृत्ती न्यायनिर्णयाने बदलत नाही.

निष्कर्ष :
मित्रापासून तनयपर्यंतचा प्रवास ‘तिच्याविषयी’ बोलण्याकडून ‘मी’ बोलण्याकडे झालेला आहे. परंतु दोन्ही कृतींचे विश्व शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गाचे आहे. मावळातील गावांतून लोणावळ्याच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात आपले घर व आपली बोली आढळेलच असे नाही. म्हणून या कृती शिकविताना अध्यापकाची जबाबदारी दुहेरी ठरते. केवळ सहानुभूती बाळगून बापूची भूमिका वठविणे त्याने टाळावे. आणि वर्गातील ज्या तनयला अद्याप शब्द सापडलेले नाहीत, त्याच्यासाठी मराठीत जागा राखून ठेवावी.