मॅकब्राइड : पाणबुड्या आणि मतदारयादी

रिचर्ड मॅकब्राइड म्हटलं की पाणबुड्यांचा किस्सा येतोच. ऑगस्ट १९१४. महायुद्धाला तोंड फुटतंय, आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे हे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच म्हणा, सिअ‍ॅटलहून साडेअकरा लाख डॉलरना दोन पाणबुड्या घेतात. केंद्राच्या मंजुरीसाठीही थांबत नाहीत! धडाडी होतीच. ३२व्या वर्षी प्रीमियर, १९०९ला ४२पैकी ३८ जागा.

पण मंडळी, मला थांबावंसं वाटतं ते १९०७पाशी. त्या वर्षी त्यांच्याच सरकारने प्रांतातल्या भारतीयांचा मताधिकार काढून घेतला. कायद्याने शब्द वापरला ‘हिंदू’. प्रत्यक्षात बहुतेक जण शीख होते. ‘तो काळच तसा होता’, हे उत्तर मला पुरत नाही. ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क आधी होता. तो काढायला मुद्दाम विधेयक आणावं लागलं. त्यात राजकीय हिशेबही सोयीचा: ज्यांचं मत गेलं, ते पुढच्या निवडणुकीत जाब विचारणार कसे? रेल्वे, पाणबुड्या यांचं कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवला, तर मॅकब्राइड अर्धेच कळतात.

ते १९१७मध्ये लंडनला वारले. तो मताधिकार परत मिळाला १९४७ साली.