शिंपले नसलेला समुद्र

विदर्भातल्या मुलाला समुद्र दोनच ठिकाणी भेटतो: भूगोलाच्या पुस्तकात आणि कवितेत. मला तो तिसऱ्या ठिकाणीही भेटत होता, पण हे कळायला पंचविशी उलटावी लागली.

वणी तालुक्यातलं राजूर हे माझं आजोळ. कोळसा आणि चुना ही या गावाची ओळख. आबाजींची सगळी उमेद चुनाभट्टीवर गेली. लहानपणी मी तिथला एक करडा दगड उचलून घरी आणला, तेव्हा ते म्हणाले होते, "थो दगड नोहे बापू, कच्चा चुना होय." शाळेत बाईंनी त्याच दगडाबद्दल वेगळं सांगितलं. समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांचे थर साचतात, दाबले जातात आणि त्यांचा चुनखडक होतो. हे आपण सगळेच शिकलो आहोत. मला या वाक्याशी भांडायचं आहे. एकतर राजूरच्या दगडाला ते लागू पडत नाही. दुसरं म्हणजे, समुद्राविषयी मराठीत जे लिहिलं जातं त्याची मर्यादा या एका वाक्यात नेमकी दिसते.

राजूरच्या परिसरातला चुनखडक भूवैज्ञानिक पैनगंगा समूहात मोजतात. तो प्रोटेरोझोइक काळातला, म्हणजे 54 कोटी वर्षांहून बराच जुना आहे. तो साचला तेव्हा कवच असलेले प्राणी जन्मालाच आले नव्हते. मग इतका चुना आला कुठून? पाण्यातूनच. बोअरचं पाणी भरून ठेवलेल्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तसा. आजच्या समुद्रात विरघळलेला चुना काढून घेण्याचं काम मुख्यतः प्रवाळ, शिंपले आणि सूक्ष्म प्लवक करतात. त्या समुद्रात हे गिऱ्हाईकच नव्हतं. चुना पाण्यात आजच्यापेक्षा जास्त साठून राही आणि आपोआप किंवा सूक्ष्मजीवांच्या थरांच्या मदतीने खाली बसे. शाळेतलं वाक्य आजचा समुद्र उचलून भूतकाळात नेऊन ठेवतं. दगड मात्र दुसऱ्याच समुद्राचा आहे.

तो समुद्र किती वेगळा होता? खोल पाण्यात बहुतेक ठिकाणी ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि लोह पाण्यात विरघळलेल्या रूपात राहत होतं. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादकडे, याच समूहातल्या खडकांत मँगनीजचे थर सापडतात. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं राहतं आणि ऑक्सिजन भेटला की खाली बसतं. म्हणजे कुठल्या पाण्याला हवा लागली आणि कुठल्याला नाही, याचे धागे त्या थरांत शोधता येतात. पुढे शिंपले आले तरी समुद्र एकसारखा राहिला नाही. आजच्या समुद्रात कॅल्शियमच्या एका अणूमागे मॅग्नेशियमचे सुमारे 5 अणू आहेत. क्रिटेशस काळात हे प्रमाण 2 च्याही खाली होतं. जुन्या मिठाच्या स्फटिकांत अडकलेल्या पाण्याच्या थेंबांतून हा फरक मोजला गेला. त्याचं एक मोठं कारण समुद्रतळाशी आहे: तिथल्या तापलेल्या खडकांतून पाणी फिरतं तेव्हा मॅग्नेशियम खडकात जातं आणि कॅल्शियम पाण्यात येतं. नवा समुद्रतळ जितक्या वेगाने तयार होतो, तितका हा व्यवहार वाढतो.

समुद्राला साठवणीची टाकी समजण्याची चूक शाळेच्या पुस्तकांपुरती नाही. 1715 मध्ये एडमंड हॅलीने सुचवलं की खारटपणा वाढत जातो, तर त्यावरून पृथ्वीचं वय काढता येईल. 1899 मध्ये जॉन जोलीने समुद्रातल्या सोडियमला नद्यांनी दरवर्षी आणलेल्या सोडियमने भागलं. उत्तर आलं 9 ते 10 कोटी वर्षं. खरं वय सुमारे 454 कोटी. गणितातला भागाकार बरोबर होता, गृहीतक चुकलं होतं. जोलीने समुद्र हा फक्त वाढत जाणारा आकडा मानला. प्रत्यक्षात सोडियम गाळात आणि मिठाच्या थरांत जाऊन समुद्रातून बाहेरही पडतं. माझ्या धंद्यात ही चूक रोजची आहे. आत येणाऱ्या नोंदी मोजायच्या आणि पुसल्या जाणाऱ्या विसरायच्या.

आता कवितेकडे येतो. मराठीतला समुद्र बहुतेक किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. तो अथांग आहे, चिरंतन आहे, खवळतो आणि शांत होतो, पण बदलत नाही. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तलं (1942) 'कोलंबसाचे गर्वगीत' घ्या. कोलंबस समुद्रालाच आव्हान देतो. माणसाच्या ध्यासापुढे समुद्रालाच मर्यादा आहे, हा त्याचा युक्तिवाद. कविता आजही अंगावर काटा आणते, आणि तिने रसायनशास्त्र सांगावं अशी माझी अपेक्षा नाही. पण तिच्यात इतिहास फक्त माणसाला आहे. समुद्राची मर्यादा आहे ती जागेची, काळाची नाही. तो फक्त ओलांडायचा असतो. त्याचं स्वतःचं काही होऊ शकतं, हा विचार त्या गर्वगीतात येत नाही.

राजूरमध्ये मात्र ते रोज होत आलं. भट्टीत चुनखडीचा थर, त्यावर कोळशाचा थर, पुन्हा चुनखडी. गोंडवाना काळातला, 25 कोटी वर्षांहून जुना कोळसा जाळून त्याहून कितीतरी जुना समुद्र भाजायचा. 900 अंशांच्या आसपास दगड फुटतो. शुद्ध चुनखडी 100 किलो असेल तर 56 किलो कळीचा चुना हाती येतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाचा धूर वेगळाच. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच 8.2 वरून 8.1 च्या आसपास आला आहे. आकडा किरकोळ दिसतो, पण हे माप लॉगरिदमिक आहे. आम्लता जवळपास 30 टक्क्यांनी वाढली, असा त्याचा अर्थ.

यावर एक आक्षेप येतो. समुद्र नेहमीच बदलत आला असेल, तर आता बदलला म्हणून एवढं काय? उत्तर वेगात आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की जमिनीवरचे खडक झिजतात, नद्या चुना आणतात आणि समुद्र सावरतो. पण त्याला हजारो, लाखो वर्षं लागतात. आपण दोन-अडीच शतकांत जे केलं, तेवढ्यात प्रवाळाला आणि शिंपल्याला नवं घर बांधायची रीत शिकता येत नाही.

आबाजींवर ठपका ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या चुन्याने दिवाळीला गावोगावच्या भिंती पांढऱ्या झाल्या आणि माझ्या आईची शाळेची फी भरली गेली. आयुष्यभर त्यांना खोकला होता, समुद्र त्यांनी एकदाही पाहिला नाही. सगळ्या जगाच्या धुरात एका गावच्या भट्टीचा वाटा तो केवढा! माझी तक्रार भाषेबद्दल आहे. जो माणूस रोज समुद्र फोडत होता, त्याला ते कळेल असं एक वाक्य आपण मराठीत लिहून ठेवलं नाही. खाणीच्या नोंदीत तो दगड 'खनिज संपत्ती' झाला, शाळेत 'शंख-शिंपले' झाला आणि कवितेत तर आलाच नाही.

राजूरच्या शाळेत शिकवायला मला एवढंच लिहावंसं वाटतं: तुमच्या गावाखाली एक समुद्र आहे. त्यात शिंपले नव्हते, खोल पाण्यात प्राणवायू फारसा नव्हता. त्याच्या पाण्यातला चुना बसून हा दगड झाला. आज तो भाजला की त्याचा एक भाग भिंतीवर जातो आणि दुसरा हवेतून पुन्हा समुद्रात.

हे वाचून आबाजी म्हणाले असते, मग मी काय सांगत होतो? कच्चा चुना होय तो.